जुने लाउडस्पीकर दुरुस्त करणे आणि त्यांना साजेसा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर जोडणे

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची लाउडस्पीकरची जोडी हाती आली की बहुतेकजण आधी पेटीला पॉलिश करतात, नाही तर आतले सगळे कॅपॅसिटर एका बैठकीत बदलून टाकतात. या लेखात सुचवलेला क्रम याच्या उलट आहे. आधी मोजावे, मोजल्यावर जे बिघडलेले ठरेल तेवढेच बदलावे, स्पीकर मूळ स्थितीला आला याची खात्री करावी आणि मगच त्याला कोणता व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर (काचेच्या निर्वात नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा) मानवेल याचा विचार करावा. स्पीकरमध्येच दोष असेल तर ॲम्प्लिफायरची पारख करता येत नाही, आणि नवशिक्याचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते इथेच.

ही दुरुस्ती घरच्या टेबलावर जमते याचे कारण स्पीकरच्या रचनेत आहे. राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेली मांडणी आजही मुळात तीच आहे: चुंबकाच्या अरुंद फटीत तारेची एक हलकी कॉइल, त्या कॉइलला जोडलेला कोन, आणि दोन्ही मध्यावर धरून ठेवणारे दोन लवचीक भाग. बाहेरच्या कडेच्या लवचीक भागाला सराउंड म्हणतात आणि आतल्या नालीदार कापडी चकतीला स्पायडर. लोखंड, तांबे आणि चुंबक यांना वयाचा फारसा त्रास होत नाही. झिजतात आणि कुजतात ते फोम, गोंद, कॅपॅसिटर आणि संपर्काचे पत्रे, आणि हे सगळे बदलता किंवा साफ करता येते.

खोलण्यापूर्वी आणि खोलताना

पहिला पेच काढण्याआधी स्पीकरचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. वूफर (खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) बाहेर काढताना मागच्या तारांचे रंग, त्या कोणत्या टोकाला जोडल्या आहेत आणि टोकावरची लाल खूण कोठे आहे, याचीही छायाचित्रे आणि वहीत नोंद ठेवावी. दोन्ही पेट्या एकाच वेळी उघडण्यापेक्षा एक उघडून दुसरी तशीच ठेवणे चांगले, कारण शंका आली की पाहायला मूळ नमुना शिल्लक राहतो.

वूफरचा चुंबक लोखंडी पेचकस जोरात ओढून घेतो आणि हात सैल असेल तर त्याचे टोक सरळ कोनमधून आरपार जाते. म्हणून पेच काढताना कोनवर जाड पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. वर्षानुवर्षे बसलेला वूफर लगेच सुटत नाही. त्याला पेचकसाने उचकटू नये. पेटी आडवी ठेवून वूफरच्या सांगाड्याच्या (कोनला धरणाऱ्या चौकटीच्या) कडेखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवावी आणि ती थोडी थोडी पुढे नेत संपूर्ण गोल फिरवून पकड सैल करावी. आतमध्ये काचतंतूची लोकर असेल तर हातमोजे आणि नाकावर मास्क लावूनच तिला हात लावावा, आणि ती मुळात जशी व जेवढी भरली होती तशी परत भरता येईल अशा रीतीने बाजूला काढून ठेवावी. तिचे प्रमाण बदलले की खर्जाचा आवाज बदलतो.

आता मोजमाप. तारा सोडवून प्रत्येक स्पीकरचा रोध मल्टिमीटरने मोजावा. आठ ओहमच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वूफरचा रोध साधारण ५.५ ते ७ ओहम भरतो, चार ओहमच्या वूफरचा ३ ते ३.५ च्या आसपास. मीटरने काहीच दाखवले नाही तर कॉइल किंवा तिच्याकडे जाणारी विणलेली तार तुटलेली आहे. ही तार कोनच्या हालचालीबरोबर वाकत राहत असल्याने तिचे तुटणे जास्त संभवते आणि तिची दुरुस्तीही सोपी आहे. जोडीतील दोन सारख्या स्पीकरच्या रोधात ठळक फरक असेल तर एकाची कॉइल भाजलेली किंवा आधी कोणी बदललेली असू शकते.

यानंतर कॉइल घासते का ते पाहावे. चार बोटे कोनवर, मधल्या टोपीच्या भोवती समान अंतरावर ठेवून कोन अगदी हळू, सरळ आत दाबावा आणि सोडावा. कान जवळ न्यावा. निरोगी स्पीकरमधून काहीही ऐकू येत नाही. बारीक खरखर आली तर फटीत कचरा आहे किंवा कॉइल मध्यावरून सरकली आहे. मधल्या टोपीवर दाब देऊ नये, ती आत दबली की बाहेर काढताना सुरकुती राहतेच. वूफरची दिशा तपासायला १.५ व्होल्टचा एक सेल पुरतो: धन टोक लाल खुणेच्या टोकाला क्षणभर लावल्यास कोन सहसा बाहेर येतो. काही जुन्या कंपन्यांनी मुद्दाम उलटी दिशा ठेवलेली असल्याने इथे महत्त्वाचे हे की जोडीतील दोन्ही वूफर एकाच दिशेने हलले पाहिजेत. ही चाचणी ट्वीटरवर (तार सप्तक वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर) करू नये.

एका गोष्टीला मात्र कोणत्याही कारणाने हात लावू नये. चुंबकाची जुडणी उघडू नये. अल्निको जातीचा चुंबक त्याच्या लोखंडी वेष्टनातून बाहेर काढला की त्याची शक्ती तिथल्या तिथे घटते आणि तो पुन्हा जसाच्या तसा बसवला तरी ती परत येत नाही.

सराउंड बदलणे

पॉलियुरेथेन फोमचे सराउंड हवेतील ओलावा आणि ऑक्सिजन यांमुळे आपोआप विघटित होते. स्पीकर वापरला काय अन् न वापरता ठेवला काय, पंधरा-वीस वर्षांनी फोम बोट लावताच चिकट काळ्या भुकटीत सुटू लागतो. अशा अवस्थेत स्पीकर वाजवत राहिल्यास कोनचा आधार जातो, कॉइल फटीच्या भिंतींवर आपटते आणि स्वस्तातली दुरुस्ती महागड्या दुरुस्तीत बदलते. रबराचे सराउंड बहुधा टिकते. नालीदार कागदी किंवा कापडी सराउंड तर अनेकदा ठणठणीत असते. ते फोमने बदलणे ही चूक आहे, कारण कोनची लवचीकता बदलली की अनुनादाची वारंवारिता (जिथे कोन सर्वांत सहज हलतो ती) बदलते आणि पेटी तिच्या मूळ हिशेबातून बाहेर पडते. बंद पेटीतील कापडी सराउंडवरचा लेप वाळून त्यातून हवा गळत असेल, तर कायम मऊ राहणाऱ्या लेपाचा एक पातळ हात पुरे होतो.

नवे फोम मागवताना स्पीकरच्या इंचांतील मापावर विसंबू नये. सांगाड्याचा बाहेरचा व्यास, फोम जिथे चिकटतो त्या कडेचा आतला व्यास, कोनचा व्यास आणि फोमच्या गोल घडीची रुंदी अशी चार मापे घ्यावीत. जुना फोम कोनच्या वरून चिकटवला होता की खालून, हेही पाहावे, कारण नवा त्याच बाजूने बसवायचा असतो.

जुना फोम बोटांनी आणि बोथट सुरीने काढता येतो. वेळ जातो तो उरलेला गोंद काढण्यात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून थोड्या थोड्या भागावर ठेवावा, गोंद मऊ झाला की लाकडी काडीने खरवडावा. कागदी कोन ओला करून सोडू नये. ॲसिटोन वापरू नये, ते प्लास्टिकचा कोन आणि सांगाड्यावरचा रंग दोन्ही विरघळवू शकते. या टप्प्यावर घाई करणाऱ्याचे नवे सराउंड पुढे एखाद्या कोपऱ्यातून सुटते, म्हणून कोनची कड बोटाला सगळीकडे सारखी गुळगुळीत लागेपर्यंत पुढे जाऊ नये.

गोंद पांढरा, पाण्यावर आधारलेला आणि वाळल्यावर लवचीक राहणारा असावा. तो लगेच धरत नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे, कारण फोम सरकवून बरोबर बसवायला त्यामुळे वेळ मिळतो. आधी फोम फक्त कोनला चिकटवावा, कड बोटांनी दाबत दोन-तीन फेऱ्या माराव्यात आणि रात्रभर वाळू द्यावे. सांगाड्याची बाजू दुसऱ्या दिवशी.

सांगाड्याला चिकटवताना कॉइल नेमकी मध्यावर राहिली पाहिजे, आणि सगळी दुरुस्ती या एका गोष्टीवर तोलली जाते. त्यासाठी दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत मधली टोपी धारदार पात्याने गोंदाच्या रेषेवरून सोडवतात आणि कॉइलची नळी व मधला लोखंडी खांब यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या चार बाजूंनी सारख्या घालतात. गोंद वाळला की पट्ट्या काढून टोपी परत चिकटवतात. कॉइल आधीपासून घासत असेल किंवा फटीत लोखंडाचे कण गेले असतील तर हीच पद्धत हवी, कारण चिकटपट्टीची दुमडलेली कड फटीत फिरवून ते कण काढता येतात.

दुसऱ्या पद्धतीत टोपीला हात लावावा लागत नाही. सांगाड्यावर गोंद लावून फोमची बाहेरची कड बसवायची आणि लगेच वूफरला ३० हर्ट्झच्या आसपासचा शुद्ध सूर अगदी कमी पातळीवर द्यायचा. कोन संथपणे आत-बाहेर होऊ लागतो. कॉइल कुठे घासत असेल तर त्या खोल गुंजनात एक कोरडी फरफर मिसळलेली ऐकू येते. अशा वेळी फोमची कड एका बाजूला किंचित ढकलावी, ऐकावे, पुन्हा ढकलावी. एका जागी ती फरफर थांबते आणि फक्त हवेची हालचाल जाणवते. तिथे कड दाबून धरावी, गोंद पकडेपर्यंत काही मिनिटे सूर चालू ठेवावा आणि मग सूर बंद करून स्पीकर तोंड वर करून एक दिवस तसाच ठेवावा. निरोगी स्पायडर असलेल्या वूफरसाठी मला ही दुसरी पद्धत अधिक विश्वासाची वाटते, कारण इथे निवाडा प्रत्यक्ष हालचालीवरून होतो.

स्पायडर मात्र वयानुसार खाली लोंबतो. जड कोन वर्षानुवर्षे एकाच स्थितीत उभा राहिला की तो गुरुत्वाकर्षणाने किंचित खाली येतो. म्हणून वूफर परत बसवताना मुळात वर असलेली बाजू खाली येईल असा अर्धा वळसा देऊन बसवावा.

क्रॉसओव्हर आणि पेटी

क्रॉसओव्हरमध्ये (खर्ज वूफरकडे आणि तार सप्तक ट्वीटरकडे वाटून देणाऱ्या मंडलात) गुंडाळ्या आणि रेझिस्टर क्वचितच बिघडतात. त्या काळातील स्पीकरमध्ये बहुधा ध्रुवविरहित इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतात; त्यांचे मूल्य वयानुसार अनेकदा छापील आकड्यापेक्षा वाढते आणि अंतर्गत रोधही वाढतो. कॅपॅसिटरचा एक पाय सोडवून तो मीटरवर मोजावा. फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर बदलावा, आणि जोडीतील दोन्ही पेट्यांत एकदमच बदलावा. नवा कॅपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टेजचा असावा. ध्रुव असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक येथे कदापि चालत नाही.

फिल्म जातीचे कॅपॅसिटर टिकाऊ असतात, परंतु त्यांचा अंतर्गत रोध फार कमी असल्यामुळे ट्वीटर मूळपेक्षा तिखट वाजू शकतो. रचनाकाराने जुन्या कॅपॅसिटरचा रोध धरूनच आवाजाचा तोल साधलेला असतो. म्हणून फिल्म कॅपॅसिटर घातल्यावर तार सप्तक बोचू लागले, तर अर्ध्या ते एक ओहमचा रेझिस्टर त्याच्याबरोबर एकसरीत जोडून पाहावा. महागड्या कॅपॅसिटरने स्पीकर सुधारतो ही समजूत मला पटत नाही. योग्य मूल्याचा साधा, नवा कॅपॅसिटर स्पीकरला त्याचा स्वतःचा आवाज परत देतो आणि तेवढेच अपेक्षित आहे.

मागच्या बाजूला ट्वीटरची पातळी कमी-जास्त करणारी बटणे असतील तर दोष बहुधा तिथेच सापडतो. ‘ट्वीटर मेला’ म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी स्पीकरमध्ये आतला संपर्क हिरवट गंजाने झाकलेला एवढेच कारण असते. बटण उघडून पत्रा बारीक घासकागदाने आणि संपर्क साफ करणाऱ्या द्रवाने स्वच्छ करावा.

पेटी पूर्ण बंद असेल तर ती हवाबंद असणे हा तिच्या रचनेचा आधार आहे. ॲकूस्टिक रिसर्चने १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांच्या कल्पनेवर बाजारात आणलेल्या एआर-१ पासून अशा पेटीत कोंडलेली हवाच कोनसाठी स्प्रिंगचे काम करते. वूफर बसवताना नवी पट्टी किंवा मऊ लांबी वापरावी, पेच समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत. नंतर कोन हळू आत दाबून काही क्षण धरावा आणि सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी ठीक आहे, क्षणात उसळला तर कुठे तरी मोठी गळती आहे. पॉलिशचे काम यानंतर.

कोणता ॲम्प्लिफायर मानवेल

आता दोन आकडे हवेत: स्पीकरची संवेदनक्षमता आणि त्याचा अवरोध (इंपीडन्स, म्हणजे वारंवारितेनुसार बदलणारा रोध). संवेदनक्षमता म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर मिळणारी ध्वनिपातळी. वॉट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात, दहापट केले की दहा. म्हणजे ९६ डेसिबलचा स्पीकर ३ वॉटमध्ये जितका मोठा वाजेल, तितकाच वाजण्यासाठी ८६ डेसिबलच्या स्पीकरला ३० वॉट लागतील. हा हिशेब न करता २ए३ किंवा ३००बी या एकेरी ट्रायोडचा (आवाजाच्या प्रत्येक बाजूला शेवटी एकच व्हॉल्व्ह असलेला) ॲम्प्लिफायर घेणाऱ्यांची निराशा होते. पहिल्यातून साडेतीन आणि दुसऱ्यातून साधारण आठ वॉट मिळतात. शिंगवाल्या (हॉर्नच्या) जुन्या क्लिप्श किंवा आल्टेक स्पीकरला तेवढे भरपूर होते. एआर-३ए सारख्या बंद पेटीच्या, चार ओहमच्या आणि कमी संवेदनक्षम स्पीकरला ते मुळीच पुरत नाही.

व्हॉल्व्हला हवा असलेला भार हजारो ओहमचा आणि स्पीकरचा जेमतेम आठ. हे अंतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर सांधतो. ५००० ओहमचा भार ८ ओहमवर आणायचा तर अवरोधांचे प्रमाण ६२५ आणि वेढ्यांचे प्रमाण २५ असावे लागते. मागे ४, ८ आणि १६ ओहमची वेगवेगळी टोके असतात ती यासाठीच. स्पीकरच्या अवरोधाला जुळणारे टोक वापरावे. ॲम्प्लिफायरच्या वजनाचा आणि किमतीचा मोठा वाटा या ट्रान्सफॉर्मरचा असतो, आणि निवड करताना व्हॉल्व्हच्या नावापेक्षा त्याच्या दर्जाकडे पाहावे असे मला ठामपणे वाटते.

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट रोध ट्रान्झिस्टरच्या तुलनेत जास्त असतो आणि त्यामुळे स्पीकरचा स्वर प्रत्यक्ष बदलतो. समजा तो २ ओहम आहे आणि स्पीकरचा अवरोध मधल्या सप्तकात ८ व खर्जातील अनुनादाच्या ठिकाणी ३० ओहम आहे. मग पहिल्या ठिकाणी ॲम्प्लिफायरच्या व्होल्टेजचे ८० टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी ९४ टक्के स्पीकरपर्यंत पोचतात, म्हणजे खर्ज सुमारे १.४ डेसिबलने उचलला जातो. ज्याला ‘व्हॉल्व्हची ऊब’ म्हणतात तिचा एक भाग हा आहे. काही स्पीकरला तो शोभतो, काहींना फुगवतो. आधी ऐकूनच ठरवावे.

सुरुवात करणाऱ्याने ईएल ८४ किंवा ईएल ३४ या व्हॉल्व्हच्या जोडीवर चालणारा, स्वयंचलित बायसचा (व्हॉल्व्हमधील स्थिर प्रवाह आपोआप राखणारा) पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करणारा) ॲम्प्लिफायर घ्यावा. बारा-पंधरा ते पस्तीस वॉट एवढ्या पट्ट्यात बहुतेक जुने स्पीकर सांभाळले जातात आणि हे व्हॉल्व्ह आजही नवे तयार होतात. जुना, दुरुस्त न केलेला ॲम्प्लिफायर पहिला म्हणून घेऊ नये.

विजेची शिस्त

स्पीकरच्या कामात चूक झाली तर कोन फाटतो. येथे चूक जिवावर बेतते. व्हॉल्व्हच्या प्लेटवर (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्यावर) २५० ते ५०० व्होल्ट असतात आणि पुरवठ्यातील मोठे कॅपॅसिटर प्लग काढल्यानंतरही भरलेले राहू शकतात. ज्याला विजेच्या कामाचा सराव नाही त्याने तळाचे झाकण उघडू नये, जाणकाराकडून काम करून घ्यावे. उघडायचेच असेल तर प्लग भिंतीतून काढावा, १००० व्होल्ट मोजू शकणाऱ्या मीटरने कॅपॅसिटरवरचा विद्युतदाब पाहावा, १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर वीजरोधक दांडीच्या चिमट्यांनी त्याच्या टोकांवर काही सेकंद धरावा आणि दाब शून्याजवळ आला याची पुन्हा मीटरने खात्री करावी. पेचकसाने ठिणगी पाडून कॅपॅसिटर रिकामा करण्याची सवय धोक्याची आहे.

वर्षानुवर्षे बंद पडलेला ॲम्प्लिफायर थेट चालू करू नये. त्याच्या पुरवठ्यात ६० ते १०० वॉटचा, तारेचा जुन्या पद्धतीचा बल्ब एकसरीत जोडावा. एलईडीचा दिवा येथे उपयोगाचा नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळे ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंदावतो. मेणाने भरलेले जुने कागदी कपलिंग कॅपॅसिटर (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे सिग्नल नेणारे) मात्र न तपासताच बदलावेत, आणि ‘मोजल्याशिवाय बदलू नये’ या नियमाला माझा एवढाच अपवाद आहे. ते गळू लागले की पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) धन व्होल्टेज जाते, व्हॉल्व्हमधून बेसुमार प्रवाह वाहतो, प्लेट लालभडक होते आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. पुरवठ्याचे फिल्टर कॅपॅसिटर बदलताना मूल्य मनमानीने वाढवू नये. जीझेड ३४ या रेक्टिफायर (एसीचे डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हनंतरचा पहिला कॅपॅसिटर ६० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा असू नये. दोन तारांची जुनी वायर काढून अर्थिंगसह तीन तारांची बसवावी.

स्पीकर किंवा तेवढ्याच ओहमचा भाररोध जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला सिग्नल देऊ नये. भार नसेल तर ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीत व्होल्टेज उसळून तिचे आवरण फुटू शकते. स्पीकरच्या तारा बदलायच्या असतील तर आधी ॲम्प्लिफायर बंद करावा.

व्हॉल्व्ह आणि बायस

जुना व्हॉल्व्ह घेताना काचेच्या आतील चंदेरी डाग पाहावा. तो दुधी पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे आणि व्हॉल्व्ह निकामी आहे. चालू असताना काचेच्या आतल्या पृष्ठभागावर दिसणारी निळी झाक निर्धोक असते. पत्र्यांच्या मधोमध जांभळट-गुलाबी प्रकाश दिसला तर आत वायू आहे. प्लेट लाल होताना दिसली तर कारण शोधत बसू नये, आधी बंद करावे. प्री-ॲम्प्लिफायरमधील १२एएक्स७, ज्याचे युरोपीय नाव ईसीसी ८३ आहे, तो पेन्सिलने हलके टिचकावावा. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर तो आवाज पकडणारा व्हॉल्व्ह आहे आणि कमी संवेदनशील जागी बदलून घालावा.

बायस हाताने लावायचा असेल, तर एबी वर्गाच्या पुश-पुल ॲम्प्लिफायरमध्ये प्लेटच्या कमाल क्षमतेच्या सुमारे ७० टक्के ही वरची मर्यादा धरतात. ईएल ३४ ची क्षमता २५ वॉट आहे. तिचे ७० टक्के १७.५ वॉट. प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४०० म्हणजे सुमारे ४४ मिलिअँपिअर. कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) १ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावर ४४ मिलिव्होल्ट दिसतील. कॅथोडच्या प्रवाहात स्क्रीनचाही (व्हॉल्व्हमधील दुसऱ्या जाळीचाही) प्रवाह मिसळलेला असल्याने प्लेटचा खरा आकडा याहून थोडा कमी असतो, म्हणजे चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला होते. उत्पादकाने आकडा दिला असेल तर तोच पाळावा. मोजणी ॲम्प्लिफायर अर्धा तास तापल्यावर करावी, जोडीतील दोन्ही व्हॉल्व्ह शक्य तितके जवळ आणावेत, आणि नवे व्हॉल्व्ह घातल्यावर आठवडाभराच्या वापरानंतर आकडे पुन्हा तपासावेत, कारण सुरुवातीच्या तासांत ते सरकतात. त्याच वेळी स्पीकरमधील वूफरचे पेचही पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. नवी पट्टी तोवर दबून बसलेली असते.